फाटकाच्या आतला परदेश : सीप्झची वाटचाल

अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागून सुमारे शंभर एकरांची एक जागा आहे. भोवती भिंत, भिंतीला मोजकी फाटके आणि फाटकावर तपासणी. आतल्या कारखानदाराने बाहेरच्या दुकानातून खिळे मागवले तर दुकानदाराच्या हिशेबी ती निर्यात ठरते. आत घडलेली अंगठी दहा-बारा मैलांवरच्या झवेरी बाजारात विकायची म्हटली तर ती आयात ठरते आणि तिच्यावर सीमाशुल्क भरावे लागते. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन हे या जागेचे पूर्ण नाव. ते आता फक्त जुन्या कागदांवर सापडते. बेस्टचा कंडक्टर, शेअर रिक्षावाला आणि आत कामाला जाणारी मुलगी, सगळे सीप्झच म्हणतात. १ मे १९७३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, त्याची सुरुवात झाली.

शहराच्या मधोमध असलेली ही सरहद्द मुंबईकराला दोनदा समजावून सांगावी लागते. माझे मूळ गाव आदिलाबादकडचे जैनथ. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती एकदाच सांगितली तरी पुरे व्हायची. निजामाच्या काळात पैनगंगेच्या दक्षिणेला हैदराबाद संस्थान आणि उत्तरेला वऱ्हाड होते. नदीपार माल न्यायचा तर संस्थानच्या करोडगिरी खात्याला जकात मोजूनच न्यायचा. पुढे संस्थान गेले, करोडगिरीही गेली. मग आमच्याकडे भोरजला विक्रीकराचा नाका आला, हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागू लागल्या आणि २०१७ साली जीएसटीने तोही उठवला. सरकार जकातीची रेष हवी तिथे ओढते आणि हवी तेव्हा पुसते, हे त्या मुलखात वाढलेल्याला नवे नाही. सीप्झच्या बाबतीत नवे इतकेच की ही रेष जकात वसूल करण्यासाठी ओढलेली नव्हती. रेषेच्या आत ती घ्यायची नव्हती.

करमुक्त निर्यात क्षेत्राची ही कल्पना आपली नाही. १९५९ साली आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाशेजारी असे क्षेत्र उभे राहिले. अटलांटिक ओलांडणारी विमाने पूर्वी तिथे इंधनासाठी उतरत. जेट विमाने आली, त्यांना मध्ये उतरायची गरज उरेना आणि विमानतळ ओस पडण्याची वेळ आली. तेव्हा स्थानिक लोकांनी शेजारी करमुक्त कारखाने वसवले. भारताने १९६५ साली कांडल्याला क्षेत्र काढले, ते आशियातले पहिले. तैवानचे काऊशुंग १९६६ साली आले, म्हणजे आपल्यानंतर. हे क्रम मुद्दाम सांगितले, कारण आपण उशिरा जागे झालो असे अनेकांना वाटते. आपण लवकर जागे झालो होतो, पण जाग आल्यावर बराच वेळ अंथरुणातच पडून राहिलो.

कांडल्याला सर्व प्रकारचा माल चालत असे. मुंबईचे क्षेत्र मात्र एकाच मालासाठी काढायचे ठरले, तो माल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. त्यामागे दहा वर्षांचा विचार होता. १९६२च्या चीन युद्धानंतर होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली होती आणि तिचा अहवाल १९६६ साली, भाभांच्या निधनाच्या वर्षी आला. १९७० साली केंद्रात स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स विभाग झाला, पुढच्या वर्षी आयोग झाला आणि दोन्हींची सूत्रे एम. जी. के. मेनन यांच्याकडे आली. इलेक्ट्रॉनिक्सचा माल वजनाला हलका आणि किमतीला भारी असतो, त्यामुळे तो बोटीने नव्हे, विमानाने जातो. म्हणून जागा विमानतळाजवळची निवडली. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची आणि कारभार केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाच्या विकास आयुक्तांचा, अशी वाटणी झाली.

त्या काळाचे नियम आठवले तर या शंभर एकरांचे वेगळेपण कळते. यंत्राचा सुटा भाग आणायचा तर आयात परवाना लागे. परदेशी कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार करायचा तर स्वामित्वशुल्क किती द्यायचे, किती वर्षे द्यायचे, सगळे सरकार ठरवी. १९७३ सालीच संसदेने परकी चलनाचे नियमन करणारा 'फेरा' कायदा मंजूर केला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणण्याची पाळी आली. त्याच वर्षी अंधेरीत त्याच सरकारने सांगितले, की इथे शंभर टक्के मालकी ठेवा, यंत्रे विनाशुल्क आणा, फक्त तयार माल देशाबाहेर पाठवा. एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडायची, असा तो प्रकार होता. त्याला काही जण दुटप्पीपणा म्हणाले. माझ्या मते तो सावधपणा होता. अख्ख्या देशावर न करवणारा प्रयोग सरकारने एका कोपऱ्यात करून पाहिला. चूक झाली असती तर ती भिंतीच्या आतच राहिली असती. पण प्रयोग फळला तर फळही भिंतीच्या आतच राहण्याचा धोका होता, आणि त्याचा विचार कमी झाला.

ही जागा रिकामी मात्र नव्हती. इथे कोंडिविटे गाव होते. जवळच्या टेकडीत महाकालीची बौद्ध लेणी आहेत. आणि खुद्द सीप्झच्या आवारात, कारखान्यांच्या इमारतींमध्ये, एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले हे सेंट जॉनचे चर्च. १८४० साली गावात साथ आली, लोक मरोळला उठून गेले, त्यांनी तिकडे नवे चर्च बांधले आणि जुने ओस पडले. छप्पर कधीच गेले, भिंतींतून झाडे उगवली. ईस्ट इंडियन समाजाच्या लोकांना आपल्या पूर्वजांच्या या चर्चपर्यंत जायचे तर सीप्झचे फाटक ओलांडावे लागते. परदेशातून तंत्रज्ञान आणण्यासाठी घातलेल्या कुंपणात चारशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेली एक वास्तू अडकली आहे. सीप्झच्या इतिहासात तिला सहसा ओळही मिळत नाही, म्हणून इथे दिली.

सुरुवातीची वर्षे मंद गेली. तयार गाळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. 'स्टँडर्ड डिझाइन फॅक्टरी' असे त्यांचे नाव. आतली माणसे आजही पत्ता सांगताना 'एसडीएफ चार', 'एसडीएफ सहा' असाच सांगतात. पण गाळे भरायला वेळ लागला. शुल्क माफ असले तरी कागद माफ नव्हते. प्रत्येक खोक्याची नोंद, प्रत्येक सुट्या भागाचा हिशेब, आणि दूरध्वनी मिळायला वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ. सिंगापूरचा ग्राहक तारेने विचारतो, माल कधी निघेल, आणि आपला व्यवस्थापक सही घ्यायला कोणाच्या तरी टेबलासमोर उभा, ही त्या दशकाची रोजची गत होती.

नेमक्या त्याच काळात मलेशियाच्या पेनांग बेटावर बायान लेपासचे क्षेत्र सुरू झाले. १९७२ साली इंटेलने तिथे भातखाचराच्या जागेवर चिप जुळणीचा कारखाना काढला, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. पेनांगचे खरे यश त्यानंतरचे. त्या कारखान्यांना लागणारे साचे, जिग, सुटे धातूचे भाग हळूहळू आसपासच्या छोट्या वर्कशॉपांत बनू लागले आणि त्यांतले काही वर्कशॉपवाले पुढे मोठे कारखानदार झाले. मुंबईजवळ अशी वर्कशॉपे पेनांगपेक्षा कितीतरी जास्त होती. साकीनाका, कुर्ला, ठाण्याचा वागळे इस्टेट, सगळीकडे लेथ फिरत होते. तरी ती नाळ नीट जुळली नाही. आतल्या कंपनीला परदेशी सुटा भाग विनाशुल्क आणि चोख मिळे. बाहेरच्या वर्कशॉपवाल्याला त्याच दर्जाचा माल द्यायचा तर पोलाद महाग, यंत्र जुने, शिवाय फाटकावरचा कागदांचा ढीग. भिंत चोरटा माल अडवण्यासाठी होती, पण तिने शेजारही अडवला.

ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सला खरा जोर आला तो एका अमेरिकावासी भारतीयामुळे. जुगी टंडन यांची टंडन कॉर्पोरेशन संगणकाचे फ्लॉपी ड्राइव्ह बनवत असे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यात टंडनचे ड्राइव्ह होते. ड्राइव्हमध्ये तबकडीवरची खूण वाचणारा-लिहिणारा एक चिमुकला भाग असतो, त्याला 'हेड' म्हणतात. फेराइटच्या कणाएवढ्या तुकड्यावर केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळायची, सूक्ष्मदर्शकात बघत, ताण न देता, एकही वेढा न चुकवता. या कामाला महागड्या यंत्रापेक्षा स्थिर हात आणि सतरा-अठरा वर्षांचे डोळे लागत. सीप्झमध्ये ते काम मुंबईच्या चाळीचाळींतून येणाऱ्या मुलींनी केले. कॅलिफोर्नियात ठरलेली मापे मरोळच्या मुली मायक्रॉनमध्ये बोलू लागल्या. पुढे फ्लॉपीच इतिहासजमा झाली आणि ते कामही गेले. तंत्रज्ञान आले, पण ते मोठ्या यंत्राच्या एका तुकड्याचे होते. अख्खे यंत्र कसे रचतात हे सांगणारी माणसे समुद्रापलीकडेच राहिली.

सॉफ्टवेअरची कथा वेगळी, आणि माझ्या मते सीप्झच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची. १९७२च्या धोरणानुसार संगणक आयात करायची परवानगी एका अटीवर मिळे. यंत्राच्या किमतीच्या दुप्पट रकमेचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करून दाखवायचे. आज ही अट सोपी वाटेल. तेव्हा सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू आहे हेच अनेकांना पटलेले नव्हते. फकीरचंद कोहली यांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससाठी ही जोखीम घेतली आणि १९७४ साली अमेरिकेच्या बरोज कंपनीशी संबंध जोडला. त्यातून टाटा बरोज ही संयुक्त कंपनी निघाली, तिचे बस्तान सीप्झमध्ये बसले. १९७८ साली आयबीएम भारतातून निघून गेली तेव्हा मोठ्या यंत्रांवर काम केलेल्या तरुणांना जाण्यासारखी जी थोडी ठिकाणे होती, त्यांत मरोळचे हे गाळे होते. टाटा बरोजची पुढे टाटा युनिसिस झाली, मग टाटा इन्फोटेक, आणि शेवटी ती टीसीएसमध्येच विलीन झाली.

सॉफ्टवेअर तेव्हा चुंबकीय टेपवर जायचे. प्रोग्रॅम लिहायचा, टेपचे गोल रीळ डब्यात घालायचे, डब्याला मोहोर, कुरिअरने विमानतळ. आता या मालाची किंमत लावायची कशी? सोन्याचे वजन करता येते, चिपा मोजता येतात. रिळावर काय लिहिले आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि कोरे रीळ नि भरलेले रीळ काट्यावर सारखेच भरतात. शेकडो माणसांचे काम त्या रिळात असे, आणि कायद्याच्या नजरेला मात्र फक्त ते रीळच दिसे. उपग्रहाचे दुवे आल्यावर हा पेच अधिकच गमतीचा झाला. माल फाटकातून न जाताच अमेरिकेला पोचू लागला. वस्तू अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीला पहिला धक्का बसला तो असा, हवेतून.

१९८५ साली सिटी बँकेच्या समूहाने सिटिकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर ही कंपनी सीप्झमध्ये काढली. समूहाच्या परदेशी शाखांना लागणारे बँकिंगचे प्रोग्रॅम इथे लिहून घ्यायचे, एवढाच उद्देश. पण बँकेचा प्रोग्रॅम लिहायचा तर बँक कशी चालते हे कळावे लागते. वेगवेगळ्या देशांतली व्याजाची गणिते, परकी चलनाचे व्यवहार, दिवसाअखेरचा ताळा, हे सगळे शिकावे लागते. इथले अभियंते ते शिकले. त्यातून राजेश हुक्कू आणि सहकाऱ्यांनी वेगळी कंपनी उभी केली, मायक्रोबँकर आणि फ्लेक्सक्यूब ही उत्पादने काढली. तीच पुढची आय-फ्लेक्स. २००५ साली ओरॅकलने तिच्यातला सिटी समूहाचा वाटा घेतला. तंत्रज्ञानाचे हस्तांतर म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देतो. इथे परक्याच्या कामासाठी बसवलेल्या माणसांनी कामाबरोबर धंदाही आत्मसात केला आणि स्वतःचा माल बाजारात आणला. फ्लॉपीच्या हेडवर वेढे घालणाऱ्या मुलींना ही संधी कधी मिळाली नाही. त्यांच्यात हुशारी कमी नव्हती. एका कामात पूर्ण गोष्ट दिसत होती, दुसऱ्यात तिचा हजारावा भाग.

१९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. सीप्झच्या सवलती पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत, कुठल्याही नोंदणीकृत इमारतीत मिळू लागल्या. सॉफ्टवेअरला आता भिंत लागेना. मोठ्या कंपन्यांचा विस्तार इतर शहरांत झाला, काही कंपन्या इथे राहिल्या. आज सीप्झमध्ये जाणारा तरुण हातात पिशवी घेतलेला असेल तर तो दागिन्यांच्या युनिटमधला आणि पाठीवर सॅक असेल तर संगणकवाला, असा ढोबळ ठोकताळा लोक सांगतात.

दागिने सीप्झमध्ये १९८७-८८ साली आले. तोवर फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी असलेल्या क्षेत्रात रत्ने व सुवर्णालंकारांच्या निर्यातीला परवानगी मिळाली. त्या वेळी देशात सुवर्ण नियंत्रण कायदा जारी होता, तो १९९० साली रद्द झाला. म्हणजे बाहेरचा सराफ सोन्याची प्रत्येक गुंज नोंदवहीत दाखवत असताना भिंतीच्या आत परदेशी सोने विनाशुल्क उतरत होते. आणखी एक गंमत बघा. १९६३ साली मोरारजी देसाईंनी चौदा कॅरटच्या वर दागिने घडवायला बंदी घातली, तेव्हा देशभरचे सोनार रस्त्यावर आले. बावीस कॅरटची सवय असलेल्या गिऱ्हाइकाने चौदा कॅरटला हात लावला नाही आणि हजारो कारागिरांच्या चुली थंडावल्या. अमेरिकेत मात्र चौदा आणि दहा कॅरट हीच रोजची चाल. मोरारजींना जे भारतीय घरांत नेता आले नाही, तेच चौदा कॅरट सीप्झने खोक्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवले.

दागिन्यांच्या युनिटमधले काम जवळून बघण्यासारखे असते. संगणकावर किंवा हाताने नमुना ठरतो. त्याचा रबरी साचा करतात, साच्यात वितळलेले मेण भरतात. मेणाच्या तयार अंगठ्या बाहेर येतात, हिरव्या नाहीतर निळ्या, हातात धरल्या तर ठसा उमटेल अशा मऊ. त्या एका मेणाच्या दांड्याला ओळीने चिकटवल्या की झुडपासारखा आकार होतो. कामगार त्याला 'ट्री' म्हणतात. ट्री धातूच्या नळकांड्यात उभी करायची, भोवती प्लास्टरचा रबडा ओतायचा आणि भट्टीत रात्रभर तापवायचे. मेण वितळून जाते, आत पोकळी उरते, तिच्यात सोने. नळकांडे पाण्यात बुडवले की चर्र आवाज होऊन प्लास्टर फुटते आणि मेणाची ट्री सोन्याची होऊन निघते. काही युनिटांत हिरे आधीच मेणात बसवतात. सोने ओतताना हिरा जागचा हलता कामा नये आणि त्याचा रंगही जाता कामा नये. ही हातोटी इथल्या लोकांनी चांगलीच आत्मसात केली, आणि हजारो बारीक हिऱ्यांचे दागिने अमेरिकी मॉलमधल्या गिऱ्हाइकाला परवडतील अशा भावात बनू लागले.

प्रत्येक टेबलावर वजन. घासायला दिले तेव्हा किती, परत आले तेव्हा किती, पॉलिशनंतर किती. घट किती धरायची याचे सरकारी निकष आहेत आणि त्याबाहेर गेलेल्या प्रत्येक मिलिग्रॅमचा जाब द्यावा लागतो. म्हणून जमिनीवरची झाडलोट साठवतात, हात धुतलेले पाणी गाळतात, पॉलिशच्या यंत्राची धूळ पिशवीत धरतात. महिन्याकाठी त्या केरातून निघणारे सोने हलक्यात घेण्याइतके थोडे नसते.

यंत्रे इटलीची, जर्मनीची. हिरे सुरतेहून पैलू पाडून आलेले. हातकामाला बंगाली कारागीर, मेणाच्या आणि तपासणीच्या विभागात बहुतांशी मराठी मुली. इथे तंत्र फाटकाबाहेर पडले, कारण बाहेर त्याची जात ओळखणारा बाजार आधीपासून होता. ओतकामाची भट्टी, मेणाचे इंजेक्टर, कॅडचे नमुने, हे सीप्झमध्ये शिकलेली माणसे बाहेर नोकरीला लागली, काहींनी अंधेरी-गोरेगावच्या गाळ्यांत स्वतःची छोटी युनिटे टाकली. भारतीय दुकानांत हलक्या वजनाचे, यंत्रावर ओतलेले हिऱ्यांचे दागिने रुळले, त्यात या माणसांचा हात आहे. रोज संध्याकाळी फाटकावर झडती होते, पर्स उघडून दाखवावी लागते, धातुशोधक यंत्राखालून जावे लागते. सोने कोणाला नेता येत नाही. बाकी शिकलेले सगळे घेऊन माणसे राजरोस घरी जातात.

या माणसांच्या वाट्याला काय आले, हा इतिहासातला अवघड भाग. निर्यात क्षेत्रांना औद्योगिक विवाद कायद्याखाली सार्वजनिक उपयोगिता सेवेचा दर्जा दिला गेला, त्यामुळे संपाआधी नोटीस देणे सक्तीचे झाले आणि अचानक काम बंद पाडण्याची वाट बुजली. फाटकावर पास लागतो, म्हणून युनियनच्या कार्यकर्त्याला आत येणेच कठीण. कामगारांत तरुण, अविवाहित मुलींची भरती जास्त. ऑर्डर आली की ओव्हरटाइम, ऑर्डर गेली की कपात. दुसरी बाजूही आहे. बदलापूर-विरारकडच्या अनेक घरांत दरमहा ठरलेल्या तारखेला पगार आणणारी पहिली बाई सीप्झची होती, प्रॉव्हिडंट फंडाचे खाते पहिल्यांदा तिच्याच नावाने उघडले. स्मरणिकांत दुसरी बाजू छापायची प्रथा आहे, पण पहिली वगळली तर हा इतिहास खोटा होईल.

चीनने शेंझेनला १९८० साली सुरुवात केली आणि शहराएवढा मोठा प्रदेश क्षेत्रात घेतला. ते पाहून भारताने २०००च्या एप्रिलमध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून सीप्झचे 'सेझ' झाले. कायदा २००५ साली आला, २००६च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यानंतर जे झाले त्यात सीप्झचा दोष नाही, पण नाव बिघडले. रायगडात महामुंबई सेझसाठी हजारो एकर जमीन घ्यायचे घाटले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले आणि २००८च्या सप्टेंबरात बावीस गावांत जनमत घेण्यात आले. गोव्यात २००७ संपता संपता सरकारने सेझ रद्द करण्याची घोषणा केली. शंभर एकरांत पन्नास वर्षे काढलेल्या संस्थेचे आणि एका झटक्यात तालुके गिळू पाहणाऱ्या योजनांचे नाव एकच झाले, हे सीप्झचे दुर्दैव.

जैनथच्या वाटेवरचे मोठे सेझ म्हणजे नागपूरचे मिहान. तिथे विमानदुरुस्तीचा कारखाना आला, संगणक कंपन्या आल्या, आदिलाबादकडची शिकलेली मुले नागपूर नाहीतर हैदराबाद धरतात. पण खुद्द जैनथच्या काळ्या रानात परदेशी तंत्रज्ञान पोचले ते कुठल्याही क्षेत्राच्या फाटकातून नव्हे, बियाण्याच्या पाकिटातून. जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोकडून बोंडअळीला मारक ठरणारे जनुक घेतले, ते भारतीय संकरित वाणांत उतरवले आणि मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला सरकारची मान्यता मिळाली. त्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटात परदेशी कंपनीचे स्वामित्वशुल्क मिसळलेले होते. ते अवाच्या सवा आहे अशी तक्रार त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने केली आणि २००६ साली पाकिटाचा दर साडेसातशे रुपयांवर आला. सीप्झमध्ये परदेशी तंत्राची किंमत निर्यातीच्या अटीने चुकती व्हायची, पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याने ती पेरणीच्या आधी रोख मोजली. शिकायला त्याला काय मिळाले? बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, एवढे. गुलाबी बोंडअळी पुढे त्या जनुकालाही सरावली.

सीप्झ आज पन्नाशी ओलांडून पुढे गेले आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो सीप्झ स्थानकावर थांबू लागली, त्यामुळे पावसाळ्यात मरोळ नाक्यावर रखडण्याचे दिवस बरेच कमी झाले. एसडीएफच्या जुन्या इमारतींचे वय जाणवते आहे आणि त्यांच्या नूतनीकरणाची कामे हाती घेतली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने 'भारत रत्नम' हे सामाईक सुविधा केंद्र उभारले, एकट्या छोट्या युनिटला न परवडणारी महागडी यंत्रे सगळ्यांना भाड्याने वापरता यावीत म्हणून. पेनांगने जे वर्कशॉपवाल्यांसाठी केले त्याच्या जवळ जाणारे हे पाऊल आहे. यातल्या यंत्रांचा लाभ भिंतीबाहेरच्या कारागिराला किती मिळतो यावर त्याची किंमत ठरावी असे मला वाटते.

अमेरिकेवर भिस्त ठेवल्याचे परिणाम मात्र भोगावे लागले. २०१९च्या जूनमध्ये अमेरिकेने भारताची शुल्कसवलत काढून घेतली. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लागले आणि दागिन्यांच्या युनिटांत ऑर्डरींचा हिशेब रातोरात बदलला. अशा वेळी कारखानदाराची नजर साहजिकच फाटकाबाहेरच्या बाजाराकडे जाते. लग्नसराईतला भारतीय ग्राहक तिथेच, भिंतीपलीकडे आहे. पण त्याला माल विकायचा तर तयार दागिन्यावर आयातीचे पूर्ण शुल्क भरा, असा सेझचा मूळ नियम होता. वापरलेल्या कच्च्या मालापुरतेच शुल्क घ्या, ही मागणी जुनी आहे. २०१८ साली बाबा कल्याणी यांच्या समितीने सेझचा फेरविचार करून अहवाल दिला. त्यानंतर २०२२च्या अर्थसंकल्पात सेझ कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची घोषणा झाली. त्याचा मसुदा मंत्रालयांमध्ये फिरला, त्यावर हरकती निघाल्या आणि तो संसदेपुढे येण्याची वाट सीप्झमधले युनिटवाले बघत राहिले.